नाव कोरणे

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येतं :
अमक्याने चषकावर आपलं नाव कोरलं.
साफ खोटं.
नाव मी कोरतो.
ऑरेल वूमार, बील गावातली मागची गल्ली,
घड्याळांच्या कारखान्याला लागून जिन्याखालची खोली,
वय एकसष्ट, डावा डोळा फक्त भिंगापुरता.

यंदा जानेवारीत बर्फ दगडासारखा होता.
उतारावरच्या शर्यतीचं चांदीचं भांडं घेऊन
डोंगराच्या पायथ्याशी, लाकडी खोपटात बसलो होतो,
बोटं कपाभोवती शेकत,
आणि बाहेर एक शतांश सेकंदाने कुणीतरी राजा झाला.
शतांश सेकंद म्हणजे किती, मला विचारू नका.
माझ्या एका उभ्या रेघेला चार मिनिटं लागतात.

एप्रिलमध्ये उलानबातरचा पहिलवान.
ओत्गोनसुरेन. पट्टी संपली, नाव संपेना.
शेवटची दोन अक्षरं कडेच्या वळणावर घेतली,
पोर कडेवर घ्यावं तशी.
मिर्येता, माझ्याकडे शिकायला असते, म्हणाली,
यूवरची दोन टिंबं राहिली, काका.
तिच्या आईबापांचं गाव प्रिझरेन.
तिचं नाव इथल्या कचेऱ्यांनी
आजवर नऊ तऱ्हांनी लिहिलंय,
म्हणून तिला दिसलं.

जूनची अंतिम लढत.
मी पडद्यामागे, मांडीवर चषक,
समोर आवाज बंद केलेला टीव्ही.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कोट घातलेला एक जण म्हणाला,
करा सुरुवात, आता काय बदलतंय.
मी पहिल्या अक्षराची उभी रेघ ओढली
आणि भिंत हादरली.
बरोबरी. मग जादा वेळ. मग पेनल्टी.
मी छिन्नी उचलून धरलेली,
घाम चांदीवर पडू नये म्हणून मान तिरकी.
जिंकले दुसरेच.
नशीब, त्यांच्याही नावाची सुरुवात उभ्या रेघेनेच होत होती.
तेवढ्यावर निभावलं.
त्या देशात आठवडाभर लोक रस्त्यावर नाचले.
त्यांच्या नावातली पहिली रेघ
हरलेल्यांची आहे, हे फक्त मला ठाऊक,
आणि आता तुम्हाला.

ऑगस्टात रजिस्टर टपाल आलं : तीन वर्षांपूर्वीचं
एक नाव पुसून टाका, तपासणीत दोषी.
पुसणं म्हणजे घासणं.
चांदी तिथे पातळ होते.
बोट फिरवलंत तर खळगा लागतो,
आणि त्या खळग्यात मी दुसऱ्या आलेलीचं नाव बसवलं.
तिला आनंद झाला असेल. न व्हायला काय झालं?
तिचं पदक पोस्टाने गेलं म्हणे,
सहीसाठी घरी शेजारीण होती.

ऑक्टोबरात अस्माराची एकवीस वर्षांची मुलगी
एवढी पळाली, एवढी पळाली,
की पेपरवाले म्हणाले इतिहास घडला.
मला सोळा अक्षरं आणि एक तारीख घडवायची होती.
घडवली. वीज गेली होती, मेणबत्तीवर.

वर्ष संपलं असं धरून
मी दाराला बंदची पाटी लावत होतो, तेव्हा
एक उंच बाई सायकल भिंतीला टेकवून आत आली.
लिव्हिया कादूफ, एकटीची नाव वल्हवते.
जगात चौथी.
चौथ्याला काहीच नसतं, पायरीसुद्धा.
पिशवीतून तिने पोचे आलेला थर्मास काढला. यावर कोरा.
नाव सांगा, मी म्हणालो.
नाव नको, नाव पाठ आहे मला. वेळ घाला.
सात मिनिटं, बावीस सेकंद, चौसष्ट.
अकरा फ्रँक सांगितले.
तिने घासाघीस केली, नऊवर तुटलं.

आज पडदा नव्हता.
टाळ्या थोपवून कुणी ताटकळत नव्हतं.
मिर्येताने दिवा जवळ धरला,
आणि चौसष्टमधल्या चारला
मी हवा तेवढा वेळ घेतला.

कीस फुंकून तिच्या हातात दिला.
आकड्यांकडे तिने एकदाच पाहिलं.
मग नळाखाली थर्मास भरला, झाकण आवळलं,
आणि उलटा धरून बघितलं,
गळत तर नाही ना.